येतो म्हणावं

मंदाकिनीबाईंच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये एक चित्र होतं. उन्हातलं परदेशी गाव, समुद्राकडे उतरणारा रस्ता, आणि माणसं म्हणजे नुसते रंगाचे ठिपके.

त्यांचे यजमान गुरुदत्त शेवटचे घराबाहेर पडले तेव्हा “जातो गं” म्हणाले. “येतो म्हणावं,” बाईंनी आतून टोकलं, पण ते जिना उतरले होते.

तेराव्यानंतर चित्रातल्या रस्त्यावर एक राखाडी ठिपका दिसू लागला, गुरुदत्तांच्या सफारीच्या रंगाचा. रोज तो थोडा समुद्राकडे सरकायचा.

“आई, तो आधीपासूनच आहे,” लेक नीरजा म्हणायची.

आज तो पाण्याशी पोचला. मंदाकिनीबाईंनी काचेवर हात ठेवला. “येतो म्हणा ना.”

“आई, जाते गं,” पिवळी ओढणी सावरत नीरजा मागून म्हणाली, आणि दार लागलं.

चित्रातल्या रस्त्याच्या वरच्या टोकाला एक पिवळा ठिपका उभा होता.