पहिला नंबर

लाकडी बैलांच्या तान्ह्या पोळ्याच्या समितीवाल्यांनो, ईश्वरकाकाचा बैल तुम्हीच पळवला आहे.

पवनीजवळच्या त्या गावात काका दरवर्षी सागाच्या तुकड्यातून लाकडी बैल कोरायचा आणि तो दरवर्षी वाकडाच निघायचा. "काका, हा बैल होय का डुक्कर?" असं लोक विचारायचे. "मलेही अजून समजलं नाही बाप्पा," म्हणत काकाच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. पोळ्याच्या स्पर्धेत नंबर मिळवायची हाव त्याला कधीच नव्हती.

यंदा समितीनं सगळे बैल आदल्या दिवशीच जमा करून घेतले, तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी पहिल्या नंबराला त्याचंच नाव पुकारलं आणि संशय पक्का झाला. टाळ्या वाजत होत्या, पाहुणे साहेब फोटोसाठी उभे होते, पण काकानं ढाल घ्यायच्या आधी बैल उचलून उलटा केला. मागचा जो आखूड पाय होता, ज्यामुळे बैल ओढताना नाचत चालायचा, तो आता बाकीच्या तिन्ही पायांइतकाच लांब होता.

"साहेबाले म्हाताऱ्या कारागिराचा सत्कार करायचा होता," समितीचा अध्यक्ष वीरेंद्र कानाशी लागून म्हणाला. "मंग लंगडा बैल कसा दाखवावा, काका? सुताराकडून थोडा नीट करून घेतला."

काकानं ढाल टेबलावरच राहू दिली आणि माईक हातात घेतला.



"'मले नीट करा' म्हणून माह्या बैलानं तुले सांगितलं होतं काय, वीरेंद्र? सांग न आता सगळ्यायसमोर."