हिरवं झाकण

रक्ताच्या आजारांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तुलनेसाठी निरोगी रक्त लागायचं, ते दर सोमवारी तिथलीच विद्यार्थिनी हौसेने द्यायची. निरोगी नळीला हिरवं झाकण, रुग्णाच्या नळीला लाल. यंत्र एकेका पेशीत डोकावून तिथलं प्रथिन शांत आहे की आजाराने पेटलंय, ते सांगायचं. "तुझं रक्त म्हणजे सोनं गं!" मार्गदर्शक बाई म्हणायच्या. त्यांनीच तिला हाताला धरून हे काम शिकवलेलं. आज विसरलेला चष्मा घ्यायला ती परतली, तर बाई तिच्या कोमट नळीचं हिरवं झाकण काढून लाल बसवत होत्या. तिने दारातूनच विचारलं, "कधीपासून?" "हिवाळ्यापासून. तेव्हाच तुझं प्रथिन पेटलेलं दिसलं. तुला औषध सुरू झालं असतं, तर आजार कसा वाढतो ते दिसलं नसतं गं." हातावरचा कापूस दाबत तिने विचारलं, "मग हिरव्या झाकणाच्या नळीत कुणाचं रक्त?" बाईंनी नजर चुकवली. "माझं."