गवतातली माणसं

"शेकोटीवरचं माझं चित्र कुठं गेलं?" एनिडने विचारलं.

"मागच्या खोलीत ठेवलंय. पुसायचंय," वॉल्टर म्हणाला. "तू चहा टाक. चौकशीचे साहेब येतीलच."

चित्र पुसायचं, आणि तेही आजच? एनिडला नवल वाटलं. नवऱ्याने जन्मात कधी फडक्याला हात लावला नव्हता.

शेजारच्या मेजरने स्वतःच्या शेताला तार ठोकली होती. शेतापलीकडे चर्च आणि चर्चमागे एनिड-वॉल्टरच्या लेकीची, रोझीची कबर. गुडघे गेल्यापासून एनिड शेतातूनच जायची. टेकडीला वळसा घालणं आता तिच्याने होत नव्हतं. शेतातून लोकांची वीस वर्षांची वहिवाट साहेबांपुढे सिद्ध झाली तरच तार निघणार होती. पुरावा काय, तर वॉल्टरने लग्नाच्या वर्षी, वीस वर्षांच्याही आधी काढलेलं एक चित्र. त्याच शेतातून चर्चकडे निघालेली माणसं.

साहेब आले, मागोमाग मेजरही आला. साहेबांनी ते शेताचं चित्र खिडकीशी नेलं.

"शिकलात कुठं?"

"कुठंच नाही. दगडी बांध रचता रचता हात बसला. दिसतं तेच काढतो, पदरचं पानसुद्धा घालत नाही."

"मग झालंच की!" मेजर खिदळला. "सगळी गुडघाभर गवतात आहेत. वहिवाटीवर गवत वाढतं होय?"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. 

वॉल्टर लालबुंद झाला. "गवत नव्हतं, साहेब. मला... पावलं जमत नाहीत."

"म्हणजे?"

"माणसाची पावलं हो. बटाटे होतात त्यांचे. म्हणून वरून गवत ओढतो. आयुष्यात धड एक पाऊल काढलेलं नाही मी."

साहेबांनी भिंतीवरची चित्रं न्याहाळली. मेंढपाळ बांधाआड. पोस्टमन धुक्यात.

"आणि मघाशी ते पदरचं पान?"

"फुशारकी हो. शिकलेलो नाही, म्हणून मारतो झालं."

साहेबांना हसू आवरेना. "तार काढायला सांगतो," ते म्हणाले. मेजर पाय आपटत निघून गेला.

"आता रविवारी रोझीला फुलं नेईन," म्हणत एनिड रडायलाच लागली. गाडीचा आवाज विरेपर्यंत वॉल्टर खिडकीशी थांबला. मग मागच्या खोलीतून एनिडचं चित्र आणून त्याने पुन्हा शेकोटीवर टांगलं.

ओढ्यात पाय सोडून बसलेली तरुण एनिड. नितळ पाण्यात तिच्या पायांची दहाही बोटं, डाव्या करंगळीवरच्या तिळासकट.