नीळ

कारखान्यात सिरिंज निर्जंतुक करताना रेडिएशनचा डोस जास्त झाला, की जंतूंबरोबर सिरिंजच्या प्लास्टिकचाही जीव जायचा. ते पिवळं पडायचं आणि दाबताच तडकायचं. दवाखाने पिवळा माल बघताक्षणी परत पाठवायचे.

“अहो, पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात, तशी प्लास्टिकला द्या की!” सुपरवायझरने तोड सुचवली. चिमूटभर निळा रंग पडला, पिवळेपणा झाकला गेला आणि माल परत येणं थांबलं. “साप मेला, काठीही मोडली नाही,” तो घरी बायकोला हसत म्हणाला.

आज दवाखान्यात लेकीच्या दंडाजवळ सुई आली, तसा त्याने सिस्टरचा हात धरला. “थांबा, सिरिंज जरा उजेडात बघू द्या.”



सिरिंज नितळ, निळसर दिसत होती. आता त्याच्या कारखान्यातली प्रत्येकच सिरिंज तशी दिसायची.