बॅटरी सहाला संपावी

"मोकळेपणाने बोला," ताई म्हणाली. "तुमच्या ऑफिसला यातलं काहीही कळणार नाही."

ऑफिस काचेपलीकडे बसलं होतं आणि चहात बिस्किट बुडवत होतं.

ती काच एका बाजूने काच होती आणि दुसऱ्या बाजूने आरसा. काचेच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत साहेब होते आणि त्यांच्या शेजारी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. साहेब ऑफिसभर नवे लॅपटॉप घेणार होते. म्हणून, पुढच्या लॅपटॉपकडून लोकांना काय हवंय हे विचारायला त्यांचीच तीन माणसं आरशाच्या बाजूला, उजेडात, लॅपटॉप कंपनीच्या ताईसमोर बसवली होती. तिकडचं बोलणं स्पीकरमधून इकडे स्वच्छ ऐकू येत होतं. इकडचं तिकडे जात नव्हतं. थोडक्यात, ऑफिससारखीच व्यवस्था होती.

हिशेबनिसाने हात वर केला. शाळा सुटून जमाना झाला होता, पण सवय सुटली नव्हती.

"बॅटरी सहाला संपावी."

"सहा तासांत?"

"नाही ताई. संध्याकाळी सहाला. आणि चार्जर ऑफिसच्या भिंतीत चिणलेला असावा."

इंजिनिअरने टिपून घेतलं: बॅटरीबाबत ग्राहक हळवे आहेत.

पगार काढणाऱ्या बाईंना वजन वाढवून हवं होतं. "हलका हलका म्हणून काय कौतुक करता? हलका म्हणूनच तर घरी न्यायला सांगतात. शिवणयंत्राएवढा जड करा, मग बघते कोण म्हणतंय, रात्री जरा नजर टाका म्हणून."

विक्रीवाल्याचं मागणं कॅमेऱ्याचं होतं. मीटिंगमध्ये तो नसला तरी पडद्यावर त्याने मान डोलावत राहायला हवं होतं.

"एवढंच?" ताईने विचारलं.

"मी असतो तेव्हाही एवढंच करतो."

साहेब पोट धरून हसले. "गुणी आहेत हो माझी माणसं. ऑफिसात तोंड उघडत नाहीत, आणि इथे बघा."

"तुम्हाला काय हवंय, साहेब?" इंजिनिअरने पेन सरसावलं. शेवटी घेणारे तेच होते.

"बॅटरी न संपणारी. वजन पिसाएवढं." बिस्किट तुटून चहात पडलं. साहेबांनी ते चमच्याने शोधून काढलं. "आणि ही काच."

"कोणती?"

"हीच. लॅपटॉपच्या पडद्यात बसवा."

"कॅमेरा असतो की त्यात."

"कॅमेऱ्याचा दिवा लागतो. दिवा लागला की माणूस शर्ट बदलून बसतो. मला बिनदिव्याचं पाहिजे."

इंजिनिअर म्हणाला, करता येईल, फक्त नाव वेगळं द्यावं लागेल. 'डोळ्यांची काळजी' वगैरे.

मधली सुट्टी झाली. ताई आणि बाकीचे दोघं चहाला गेले. हिशेबनीस मागे राहिला. तो सरळ आरशापाशी आला, केसांवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि म्हणाला, "साहेब, एक विनंती होती."

साहेबही उठून काचेपाशी आले होते; दोघांच्या नाकांमध्ये वीतभर अंतर होतं.

"बोला," साहेब म्हणाले. सवयीने.

"सोमवारी हिचं ऑपरेशन आहे," हिशेबनीस आरशाला म्हणाला. "घरात आम्ही दोघंच. चार दिवस रजा हवी होती." मग त्याने स्वतःच नकारार्थी मान हलवली. फार रडकं झालं होतं. पुन्हा केलं, या वेळी हसत. ते तर ऑपरेशनचं आमंत्रण द्यायला आल्यासारखं वाटलं. शेवटी ताठ उभा राहिला, म्हणाला, "मला रजा लागणार आहे, साहेब," आणि स्वतःच दचकून मागे सरकला.

"मधलं बरं होतं," साहेब म्हणाले.

इंजिनिअरने स्पीकरच्या बटणाकडे हात नेला. "बंद करू? घरगुती आहे."

"राहू द्या."

तिकडे हिशेबनीस आता साहेबांचं उत्तरही करून बघत होता. पोट पुढे काढून, हनुवटी खाजवत: "अहो, मग जा ना. विचारायचं काय त्यात? बायकोपेक्षा काम मोठं आहे का?"

"मी असा बोलतो?"

"आवाज हुबेहूब आहे," इंजिनिअर म्हणाला.

"आवाज आहे हो. पण असलं काही मी म्हणेन का?" साहेब खरोखर दुखावले होते. त्यांनी फोन काढला, एका अंगठ्याने सावकाश काहीतरी लिहिलं आणि पाठवून दिलं.

हिशेबनिसाच्या खिशात टिंग वाजलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला आणि मोठ्याने वाचलं. "सोमवारपासून हिशेबतपासणी. आठवडाभर कोणालाही रजा मिळणार नाही."

"सोमवारी तपासणी आहे?" इंजिनिअरने विचारलं.

"आता आहे," साहेब म्हणाले.

हिशेबनिसाने फोन खिशात ठेवला. आरशासमोरून मात्र तो हलला नाही. चष्मा खाली घेतला. कॉलर नीट केली.

"अगं," तो म्हणाला, "सोमवारी तुझ्या दादालाच बोलावून घे ना. मला दवाखान्यातलं काय कळतंय, उगाच मध्ये मध्ये यायचो. तू शुद्धीवर येईपर्यंत मी पोचतोच की."

चेहरा हसरा होता, आवाज मोकळा होता, शब्द कुठेही अडखळला नाही.

साहेबांनी इंजिनिअरच्या पाठीवर थाप मारली.

"बघा," ते म्हणाले. "हे पहिल्याच फटक्यात जमलं त्याला."