फ्लोटची पट्टी

पौर्णिमेच्या सकाळी आण्णांची काळी मोटार पाचव्यांदा ढकलत आली, तेव्हा मीरासाब मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. पेट्रोलचा वास गाडीच्या आधी पोचला होता.

एक शेजारी खिडकीतून स्टेअरिंग धरून होता, दुसरा मागून रेटत होता. आण्णा टपावर हात ठेवून गाडीबरोबर चालत होते, जत्रेत आणलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. चोपन्न सालची गाडी, पण जीव होता त्यांचा तिच्यावर.

"तेच का?" मीरासाबनं विचारलं.

"तेच. चावी फिरवली की उतू जातंय."

शाहूपुरीत मीरासाबचं गॅरेज तीस वर्षांचं. त्यानं बॉनेट उघडलं की गाडी निम्मी बरी होते, असं लोक म्हणत. आणि वीस वर्षं दर पौर्णिमेला आण्णा स्वतः गाडी चालवत बायकोला, चिमणाबाईंना, नृसिंहवाडीला दर्शनाला नेत. ड्रायव्हर ठेवा म्हटलं की त्यांना राग यायचा. गेल्या चार पौर्णिमा मात्र ती माउली नैवेद्याची टोपली मांडीवर घेऊन एसटीनं गेली होती.

दुखणं म्हटलं तर किरकोळ होतं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं की आतला पितळी फ्लोट वर येतो, त्याची इवलीशी पट्टी सुईला दाबते आणि पेट्रोलची वाट बंद होते. पट्टी केसभर वाकडी असली की सुई नीट बसत नाही. पेट्रोल उतू जातं, प्लग भिजतात, गाडी ढिम्म हलत नाही.

दर वेळी मीरासाब पट्टी सरळ करायचा. गाडी झकास सुरू व्हायची. "आण्णा, एक चक्कर मारून बघा," तो म्हणायचा.

"तूच मार. तुझा कान माझ्यापेक्षा तिखट," म्हणून आण्णा शेजारच्या सीटवर बसायचे. रंकाळ्यापर्यंत जाऊन दोघं घरी पोचायचे, चहा व्हायचा. मग गाडी आण्णांच्या अंगणात उभी राहायची आणि पौर्णिमेला पुन्हा रडायची.

एक गोष्ट मात्र मीरासाबनं कुणालाच सांगितली नव्हती. रमजानपासून त्याचे हात थरथरत होते. कप बशीवर वाजायचा. इचलकरंजीहून मुलगा दिलदार सारखा बोलवत होता, "बाबा, आता बास करा." परवा मीरासाबनं त्याला शब्द दिला होता: या पौर्णिमेला आण्णांची गाडी परत आली, तर गॅरेजला कुलूप.

आणि गाडी आली होती.

त्यानं कार्बोरेटरचं झाकण काढलं. पट्टी वाकडी. अगदी तशीच, तितकीच. ही पट्टी त्यानंच सरळ केली होती. निदान त्याला तरी तसं वाटलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं ना गाडीला बोल लावला, ना पेट्रोलला. दोष आपल्या हातांचा, हे त्यानं कबूल करून टाकलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

शेजारी निघून गेले. आण्णा आतल्या बाकावर बसले होते. मीरासाब हात पुसून त्यांच्यासमोर स्टुलावर बसला.

"आण्णा, ही माझी शेवटची गाडी. उद्यापास्नं गॅरेज बंद."

"काय खुळ्यागत बोलतोयस?"

"हात गेलं माझं. सरळ कराय जातोय आन वाकडं हुतंय. तुमची निस्ती गाडी बंद पडली. उद्या कुणाच्या ब्रेकात असा घोळ झाला म्हंजी? येकाद्याचं घर बसंल की."

रस्त्यावरून एक टांगा गेला.

"मीरासाब, तुझ्या हाताला काय झाल्यालं न्हाय."

"तुमी म्हणून काय हुतंय?"

"पट्टी मी वाकवतोय."

मीरासाबला वाटलं, म्हातारा आपली समजूत काढतोय.

"पाचीबी येळा," आण्णा म्हणाले. "तुज्या शेजारी बसून तीस वर्सं बगितलंय. चार तर स्क्रू हायत. झाकान काढायचं, आंगठ्यानं जरा दाबायचं, परत बसवायचं."

"का पर?"

"गाडी चालू झाली असती, तर मला चालवाय लागली असती."

आधी मीरासाबच्या छातीवरचा धोंडा उतरला. हातातलं कसब शाबूत होतं! मग मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने तो स्वतःला खात होता. पोराला शब्द देऊन बसला होता. आणि हा माणूस, जिवाभावाचा दोस्त, समोर बसून चहा पीत होता! चालवायचा कंटाळा आला होता तर तोंड नव्हतं का सांगायला?

डोळ्यांत पाणी आलं. ते आण्णांना दिसू नये म्हणून तो उठला आणि अनवाणी पायांनी दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिला. काही बोलला असता तर तोंडून वेडंवाकडं गेलं असतं.

"रागावलास व्हय?" मागून आण्णांचा आवाज आला. "गड्या, बोल की कायतरी."

मीरासाब वळला. आण्णा बाकावरून पुढं झुकले होते आणि त्यांचा हात हवेत त्याचा गुडघा शोधत होता.

"चिमणाबाईला एवढं कळू देऊ नकोस," ते रिकाम्या स्टुलाला म्हणत होते, "असा गप बसू नको रं, माज्याकडं बघ तरी."