फाटलेला नेफा

"दोनी जांघे खोटे म्हन आन् मोकळा हो," बनुबाई म्हणाली.

सदऱ्याचं बटण लावून झालं होतं. तिनं दोऱ्याला शेवटी दोन गाठी मारल्या, एक विठोबाची, एक रखुमाईची, आणि दोरा दातानं तोडला. बटण असो, गोधडी असो की टाळांची पिशवी, त्या दोन गाठींशिवाय तिची सुई थांबत नसे.

"न्हाई आई," कानिफनाथ सदरा घालत म्हणाला. "झुंबरबाईनं सांगावा धाडलाय. गळ्यात माळ घालून खोटं बोलू व्हय?"

"मंग मी बी येते."

पायरी चढवत नव्हती, तरी म्हातारी एस्टीत चढली. घोडेगावपर्यंत ती नुसती माळ ओढत होती.

भांडण एका जांघ्याचं होतं. जुन्या जत्रेतली गोरक्ष आणि कानिफची कुस्ती अजून लोकांच्या तोंडी होती. कानिफनं मागून गोरक्षाच्या जांघ्याच्या नेफ्यात बोटं रोवून त्याला अधांतरी उचलला, आणि ऐन वेळी नेफा हातातून सुटला; बोटं घसरताना तो उसवला, असंच सगळे समजले. पुढच्या क्षणी कानिफ चीतपट. जिंकेल त्याला वस्ताद कोल्हापूरच्या तालमीत नेणार होते. गोरक्ष गेला, नावारूपाला आला, आणि मागच्या साली वारला.

कानिफ गावातच राहिला. लोक म्हणायचे, "बोटं लोन्याची रं तुझी!" त्यानं मातीला पुन्हा पाय लावला नाही. कीर्तनात टाळ धरला. एकदा बुवा निरूपणात म्हणाले होते, "जे हातातून सुटतं, ते देवानंच सोडवलेलं असतं." त्या वाक्यावर त्यानं सारा जन्म काढला. बनुबाई रोज त्याची बोटं तेलानं चोळायची. तिचा भाऊ कोल्हापूरच्या तालमीतून मान मोडून आला होता आणि मरेपर्यंत बाजेवर पडून होता. "तू जवळ राह्यला, मला सगळं मिळालं," असं ती म्हणायची.

गोरक्षाच्या विधवेच्या, झुंबरबाईच्या ओसरीवर शिर्डीचे आबासाहेब वाट पाहत होते. नव्या हॉटेलात काचेच्या कपाटात त्यांना तो जांघ्या लावायचा होता. तिच्याकडून घ्यायचं ठरलं, तोच गोरक्षाचा चेला गहिनीनाथ यानं पेपरात छापून आणलं, की खरा जांघ्या माझ्याकडं आहे, गोरक्ष वस्तादाची बायको लोकांना फसवते.

"मला भानगड नको, पैलवान," आबासाहेब म्हणाले. "उद्या कोणी म्हणायला नको, आबासाहेबानं शिंप्याकडून शिवून आणला."

"काकी, तुमच्या पेटीत तर वस्तादांचे धा जांघे असतील," गहिनीनाथ हसला. "त्यातला कोन्ता काढला?"

झुंबरबाईचा चेहरा पांढरा पडला. "भाऊ, गावात मला आता चोरटी म्हन्त्यात. पैसं जळू दे. मालकाची वस्तू वळखा तेवढी."

दोन्ही जांघे फाटलेलेच होते. कानिफनं गहिनीनाथाचा उचलला. नेफा उजवीकडं उसवलेला.

"ह्यो न्हाई."

"का?"

"मी डाव्या हातानं धरला हुता."

"आरं जा! उजव्या हाताचा गडी तुमी."

"उजवा अंगठा मुरगाळला हुता. कुनाला कळू दिलं नव्हतं. आईनं तेवढी हळद बांधली हुती."

गहिनीनाथानं आपला जांघ्या गुंडाळला. "आसंल, आसंल," म्हणत तो चपला शोधू लागला.

कानिफनं दुसरा हातात घेतला. त्यातून मैदानाची माती भुरभुरली. नेफा डावीकडं उसवलेला. आपोआप त्याची बोटं तिथं जाऊन बसली.

"ह्योच," तो म्हणाला. झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला.

मारुतीच्या पायाशी ठेवलेला हा जांघ्या त्यानं कुस्तीच्या आदल्या रात्री पाहिला होता. त्यांच्या गावची रीतच तशी. जत्रेच्या आदल्या दिवशी दोन्ही पैलवानांचे जांघे देवापुढं ठेवायचे, मंडपात कीर्तन करायचं, आणि सकाळी देवाच्या पायाशी नमून अंगावर चढवायचे. त्या साली देवळात रात्रभर दिवा राखायचा मान बनुबाईचा होता.

"आता ठिव खाली," बनुबाई म्हणाली. "उलटापालटा करू नको. जीर्न कापड हाय."

पण त्याची बोटं निघेनात. त्यानं नेफा उलटा केला.

आतून जाड, मेण लावलेल्या दोऱ्याची तिहेरी शिवण होती. फक्त डाव्या बाजूला, वीतभर, ती पात्यानं कापलेली. कडा सरळ, स्वच्छ. तिच्या जागी बारीक सुताचा नुसता धावदोरा घातलेला. तोच तुटला होता.

म्हणजे पकड सुटलीच नव्हती. बोटं लोण्याची नव्हती. एवढी वर्षं टाळ वाजवत तो ज्याला देवाची इच्छा म्हणत होता, ती कुणीतरी सुईनं शिवून ठेवली होती.

त्याची कानशिलं तापली. देवापुढं डोकं टेकून, अंगाला माती लावून हा डाव? अन् पुन्हा सत्कार, फेटे, मिरवणुका!

"झुंबरबाई, तुमच्या मालकानं..."

"काय केलं, भाऊ?" ती बिचारी डोळे पुसत वर बघू लागली.

आबासाहेब पुढं सरकले. "काय, पैलवान? खोटा आहे का?"

कोपऱ्यात बनुबाईची माळ थांबली होती. "कानिफा," ती म्हणाली, "घरी चल रं लेकरा."

त्यानं ऐकलं नाही. त्याचा अंगठा त्या बारीक दोऱ्यावरून सरकत शिवणीच्या टोकाशी गेला आणि थांबला. तिथं, एकमेकींना चिकटून, दोन गाठी होत्या.